रोज घालायला ऑटोमॅटिक फील्ड वॉच : माझं मत हो, तुमचं सांगा

केळीबाग_यावल
भाचा नोकरीला लागला, पहिल्या पगारात घड्याळ घ्यायचं म्हणतो, मला विचारलं म्हणून इथे मांडतो. रोज हातात राहणारं एकच घड्याळ घ्यायचं असेल तर ऑटोमॅटिक फील्ड वॉच घ्या. ही घडण मूळची सैनिकांची, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बारा कंपन्यांनी एकाच नमुन्यावर घड्याळं बनवली होती, काळी डायल, ठळक आकडे, रेडियमचे काटे, बाकी काही नाही. तेच आजही कामाला येतं. पहाटे चारला लाईट आली की मोटर चालू करायला जातो तेव्हा मोबाईल न काढता एका नजरेत वेळ दिसली पाहिजे. मी सेइको ५ स्पोर्ट्सचं फील्ड मॉडेल सुचवतो, ३९.४ मिमी, १०० मीटर पाण्याचं रेटिंग, आत ४आर३६ मशीन. हात हलला की चावी आपोआप भरते, सेलची भानगड नाही.

भुसावळ_जंक्शन
भाऊ, आदर ठेवून सांगतो, पटलं नाही. घड्याळाचं पहिलं काम वेळ दाखवणं. तुम्ही म्हणता त्या ४आर३६ ला कंपनीच दिवसाला +४५ ते −३५ सेकंदांची मुभा देते. साध्या सेलच्या घड्याळाला साधारण महिन्याला १५ सेकंद इकडेतिकडे. म्हणजे तुमचं घड्याळ कंपनीच्या हिशोबात बसूनसुद्धा आठवड्याला पाच मिनिटं पुढे जाऊ शकतं, आणि आमच्याकडे ड्युटी मिनिटावर चालते, पाच मिनिटांत गाडी निघून जाते रे भो. पहिल्या पगारातल्या पोराला महागडं आणि कमी अचूक घड्याळ का घ्यायला लावता?

केळीबाग_यावल
मुभा आहे म्हणून प्रत्येक घड्याळ तेवढं चुकतं असं नाही, बरीचशी दिवसाला दहा-पंधरा सेकंदांत चालतात आणि दुकानात रेग्युलेट (मशीनचा वेग नीट) करूनही मिळतात. दर रविवारी काटा मिळवला की झालं. शेतावर, दुकानात, शाळेत कोणाचं काम अर्ध्या मिनिटाने अडतं? तुमची रेल्वेची गोष्ट वेगळी, ते मान्य.

तापीकाठ_ताई
दादा, शेतावर हात दिवसभर हलतो म्हणून तुम्हाला ठीक आहे. मी नंदुरबारला बँकेत बसते, शनिवार-रविवार घड्याळ काढून ठेवते. शुक्रवारी संध्याकाळी सातला काढलं आणि सोमवारी सकाळी नऊला घातलं तर ६२ तास झाले, तुमच्या सेइकोचा चावीचा साठा (हातात न घालता चालण्याचा वेळ) ४१ तासांचा, म्हणजे दर सोमवारी वेळ, तारीख, वार सगळं परत लावा. त्यात रात्री ९ ते पहाटे ४ मध्ये तारीख फिरवायची नाही, गिअर खराब होतात, हे दुकानदार कधी सांगत नाहीत. हॅमिल्टनच्या खाकी फील्ड ऑटोमॅटिकमध्ये ८० तास मिळतात, सोमवारीही चालू सापडेल, पण किंमत बरीच वर. आणि बारीक मनगटाला ३९ मिमी भांड्यासारखं दिसतं, ३६-३८ बघा. भाच्याचं मनगट मोजलं का तुम्ही?

घड्याळदुरुस्ती_धुळे
माझं कामच हे, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं. ऑटोमॅटिकचं मशीन शक्यतो उघडून साफ करता येतं, तेल घालता येतं, अगदीच गेलं तर आख्खं मशीन बदलता येतं, म्हणून ते टिकतं. पण दर काही वर्षांनी सर्व्हिसिंगचा खर्च आहे, तो कोणी धरत नाही. दुसरं, एकदम दिवसाला दोन-चार मिनिटं पुढे पळायला लागलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा मॅग्नेट लागलेलं असतं, म्हणजे मशीनमध्ये चुंबकपणा आलेला असतो, मोबाईल कव्हरचं नाहीतर स्पीकरचं, दोन मिनिटांत काढून देतो. आणि १०० मीटर लिहिलंय म्हणून कायमचं समजू नका, रबरी रिंग जुनी झाली की पाणी शिरतं, मेच्या ४५ डिग्रीत तर रबर लवकर वाळतं. मागचं झाकण उघडलं की रिंग बदलूनच घ्या.

भुसावळ_जंक्शन
म्हणजे सर्व्हिसिंग, मॅग्नेट, रिंग, रविवारचा काटा... आणि हे रोजचं बिनत्रासाचं घड्याळ? मग सिटिझनचं इको-ड्राइव्ह घ्या ना, फील्ड डिझाईनमध्ये येतं, ३७ मिमी, १०० मीटर, उजेडावर चार्ज होतं, पूर्ण भरलं की अंधारातही सहा महिने चालतं. खान्देशात उन्हाची कमी आहे का? सेल बदलायची कटकट नाही, अचूकताही सेलच्या घड्याळाची. तुमचे सगळे मुद्दे यात बसतात.

केळीबाग_यावल
हा मुद्दा वजनाचा आहे, टाळत नाही. फक्त घड्याळ चालू राहण्यापुरतंच बघायचं असेल तर सोलर जिंकतं. पण माझ्या वडिलांचं चावीचं एचएमटी आजही चालतं. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये सिटिझनच्याच मदतीने बंगळुरूत सुरू झाला, २०१६ मध्ये ते काम बंद झालं, तरी आमच्या गावाजवळचा कारागीर ते उघडतो, साफ करतो, परत बांधतो. सोलरचं इलेक्ट्रॉनिक सर्किट वीस वर्षांनी गेलं तर तो माणूस काय करणार? पोराने पहिल्या कमाईतून घेतलेली वस्तू त्याच्या पोराच्या हातात जावी असं मला वाटतं, तेवढ्यासाठी रविवारी काटा मिळवणं मला जड नाही.

तापीकाठ_ताई
भावना समजते दादा, पण घालायचं भाच्याला आहे. त्याचं काम बसून आहे की फिरतीचं ते आधी सांगा.

केळीबाग_यावल
फिरतीचं. ठिबकच्या कंपनीत, शेतोशेती फिरतो, केळीचा चीकही लागतो. म्हणून लेदर पट्टा नको, घामाने महिन्याभरात वास मारतो. नायलॉन बरा पण चिकाचा डाग त्याच्यावरूनही जात नाही, मी चेनच घ्या म्हटलंय.

घड्याळदुरुस्ती_धुळे
फिरतीचं असेल तर ऑटोमॅटिक चालेल, साठा भरलेला राहील. फक्त हॅमर ड्रिलचं काम असेल तेव्हा काढून खिशात ठेवायला सांगा.

भुसावळ_जंक्शन
दोन्ही दुकानात हातात घालून बघू द्या पोराला. मी अजूनही सोलरच म्हणेन.