सॉलिड स्टेट अ‍ॅम्प्लिफायरवर जॅझ गिटारचा भरीव स्वर कसा मिळवावा?

कोथरूडचा वादक: माझ्या पोकळ गिटारचा स्वर सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या) अ‍ॅम्प्लिफायरवर खालच्या तारांवर घुमतो आणि वरच्या तारांवर टोचतो. सदनिकेत राहत असल्याने आवाज मोठा ठेवता येत नाही. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर न घेता काय करता येईल?

तारमग्न: दोष सॉलिड स्टेटचा आहे असे मानू नका, अमेरिकन जॅझ गिटारवादक जो पास यांच्यासारख्या श्रेष्ठ वादकाने पॉलिटोन कंपनीचे सॉलिड स्टेट अ‍ॅम्प्लिफायर वापरले होते. पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरांची स्वररचना अशी असते की सर्व नॉब मधोमध ठेवले तरी मध्यम कंपने दबलेलीच राहतात, म्हणून बास (खालचे स्वर) आणि ट्रेबल (वरचे स्वर) बरेच खाली आणून मिडल वर न्यावा, गिटारच्या मानेजवळचा पिकअप (तारांची कंपने टिपणारा भाग) निवडावा आणि गिटारवरील टोनचा नॉब थोडा उतरवावा. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, अगदी जुजबी पुरे.

पेठेतला श्रोता: माझ्या मते तारा अधिक महत्त्वाच्या आहेत. ०.०१२ इंचापासून सुरू होणारा, तिसरी तारही गुंडाळलेली असलेला फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत तारांचा) संच लावल्यास तारांवरील बोटांची खरखर जवळजवळ नाहीशी होते. मात्र वाढलेल्या ताणामुळे मान वाकते का, हे जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावे. तारा छेडायची पिकही जाड वापरा.

तारमग्न: सहमत आहे. आणखी एक गोष्ट म्हणजे कमी आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, त्यामुळे घरी जुळवलेला बास सभागृहात जड वाटतो आणि तिथे तो पुन्हा कमी करावा लागतो. अ‍ॅम्प्लिफायर खोलीच्या कोपऱ्यातून बाहेर काढून स्टुलावर ठेवल्यास घुमणेही कमी होईल.