स्प्लॅट असताना मेश हवाय कुणाला?

ठिपकेदार:
सहा वर्षं फोटोग्रामेट्री केली, म्हणजे फोटोंवरून वस्तूची त्रिमितीय प्रतिकृती बनवली. एका वस्तूचे दोनशे फोटो काढा, मेश, म्हणजे बारीक त्रिकोणांच्या जाळीचा पृष्ठभाग, बनवा, मग बसा भोकं बुजवत. 2023 मध्ये गॉसियन स्प्लॅटिंग आलं आणि मी सुटलो. इथे पृष्ठभागच नाही; लाखो अर्धपारदर्शक धूसर ठिपके, म्हणजेच स्प्लॅट, आणि बघण्याचा कोन बदलला की प्रत्येकाचा रंगही बदलतो. फुल एचडीत सेकंदाला 30 हून जास्त फ्रेम मिळतात. वेताच्या टोपलीचे सुटलेले तंतू मेशमध्ये कायम चिकटून लगदा व्हायचे, आता एकेक वेगळा दिसतो. मेशवाल्यांनी दुकान आवरावं.

उजेडवाली:
आवरते, पण आधी त्या टोपलीवर दुसऱ्या बाजूने दिवा लावून दाखवा. सावली जागची हलणार नाही. तुम्ही पकडलात तो त्या खोलीतला त्या वेळचा उजेड! लोकांना वस्तू हातात घेऊन फिरवल्यासारखं वाटायला हवं ना? हातातली वस्तू फिरते तेव्हा दिवा जागेवर असतो, म्हणून चमक तिच्या अंगावरून सरकत जाते. तुमच्याकडे वस्तूबरोबर अख्खी खोलीच फिरते. मी दिव्यावर आणि लेन्सवर एकमेकांना काटकोनात पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड जाऊ देणारे फिल्टर) लावते. चमक गळून जाते, मूळ रंग तेवढा हाती येतो. पृष्ठभागाचा खडबडीतपणा वेगळ्या मॅपमध्ये, म्हणजे मेशवर चढवायच्या वेगळ्या चित्रात. मग हवा तो उजेड टाका.

ठिपकेदार:
उजेड वेगळा काढणारे स्प्लॅटही आता होतायत. आणि तुमच्या पोलरायझरने स्टीलचा चमचा टिपून दाखवा. धातूला चमकेखाली स्वतःचा रंग असतो कुठे? ती काढली की उरतो काळा डाग.

मोजपट्टी:
दोघेही दिसण्यावरच भांडताय. मला मापं लागतात. 1999 मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी फ्लॉरेन्समध्ये मायकेलअँजेलोचा डेव्हिड लेसरने स्कॅन केला, पाव मिलिमीटरच्या आसपास बारकाव्याने, छिन्नीच्या खुणांसकट. पाच मीटरहून उंच पुतळा! त्या स्कॅनवर आजही कुणी दोन बिंदूंतलं अंतर मोजू शकतो. धूसर ठिपक्यांच्या ढगात पट्टीचं टोक टेकवू कुठे?

ठिपकेदार:
उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून सांगतो. संगमरवरात लेसर थोडा आत शिरतो, तिथे पसरतो, मग बाहेर येतो. त्यांच्याही मोजमापात त्यामुळे गोंगाट, म्हणजे बारीकसारीक चुका, आलाच होता. पृष्ठभाग धूसर असण्याचा मक्ता काही स्प्लॅटकडेच नाही.

मोजपट्टी:
आला होता, पण किती ते त्यांनी तपासलं. चूक किती आहे हे माहीत असलं की आकडा वापरता येतो. तुमच्या टोपलीत किती आहे?

ठिपकेदार:
टोपली बघायला ठेवलीय हो, तिची जागा-जमीन मोजायची नाहीये.

उजेडवाली:
चमच्याचं मान्य. चकचकीत धातू मी स्कॅन करतच नाही, हाताने मॉडेल करते.

ठिपकेदार:
आणि बघणाऱ्यांना सांगता का तसं?