बेरीला टाइट एंड झेपत नव्हता म्हणे!

चौथा_डाऊन:
काल इथे बंड्याने लिहिलं, "एरिक बेरीला टाइट एंड कधीच झेपला नाही, ग्रॉन्कने त्याचं पितळ उघडं पाडलं." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. नवख्यांसाठी: विषय अमेरिकन फुटबॉलचा. बेरी कॅन्सस सिटी चीफ्सचा सेफ्टी, म्हणजे मागच्या फळीतला बचावपटू. ग्रॉन्क म्हणजे न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा ग्रॉन्काउस्की, टाइट एंड, म्हणजे समोरच्याला अडवणारा आणि पासही झेलणारा धिप्पाड खेळाडू.

७ सप्टेंबर २०१७, फॉक्सबरो, पेट्रियट्सचं मैदान. ग्रॉन्काउस्की बेरीपेक्षा सहा इंच उंच, वजनाला वीस-पंचवीस किलो जास्त. तरी स्नॅप पडला (चेंडू खेळात आला) की बेरी त्याच्या छातीला भिडायचा. पाच यार्डांपुढे हात लावला तर फ्लॅग (दंड), म्हणून जे करायचं ते तिथेच. ग्रॉन्कचे झेल २, यार्ड ३३. चीफ्स ४२-२७ ने जिंकले. चौथ्या क्वार्टरमध्ये कुणाचा धक्काही न लागता बेरी खाली बसला. टाचेमागची अकिलीस कंडरा तुटली, मोसम संपला. कर्करोगातून उठून परत आलेला माणूस आहे हो तो!

बॉस्टनचा_बंड्या:
एका सामन्यावर किती वर्षं काढणार? २० जानेवारी २०१९, पुन्हा चीफ्स-पेट्रियट्स, ओव्हरटाइम (बरोबरीनंतरचा जादा वेळ), थर्ड अँड टेन (तिसरा प्रयत्न, दहा यार्ड हवेत). ग्रॉन्कसमोर एकटा बेरी दिसला आणि आमच्या क्वार्टरबॅकने (पास फेकणाऱ्याने), ब्रेडीने, चेंडू तिकडेच दिला. १५ यार्ड. त्या दिवशी ग्रॉन्कचे ६ झेल, ७९ यार्ड.

चौथा_डाऊन:
त्या मोसमात टाचेच्या दुखण्यामुळे बेरी नियमित सामने दोनच खेळला होता. ते का लिहिलं नाहीस?

बॉस्टनचा_बंड्या:
दुखत होतं तर ग्रॉन्कसमोर उभा कशाला केला?

लाल_टोपी:
मी त्या रात्री ॲरोहेडला, चीफ्सच्या स्टेडियममध्ये, वरच्या मजल्यावर होतो. चहाचा थर्मास हातात धरला तरी बोटं कळत नव्हती. बेरीचं काय घेऊन बसलात! आपला डी फोर्ड ऑफसाइड (स्नॅपच्या वेळी रेषेपुढे) नसता तर ग्रॉन्कच्या हातून उडालेला चेंडू आपणच पकडला होता, सामना तिथेच संपला असता. आणि ओव्हरटाइममध्ये पहिल्याच चढाईत टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपार) झाला की सामना संपायचा; टॉस हरलो म्हणून आपल्या क्वार्टरबॅक महोम्सला चेंडू दिसलासुद्धा नाही. ३७-३१. शेजारी मुलगा रडत होता, त्याला हा नियम काय समजावू?

बफेलोची_सून:
आणि २३ जानेवारी २०२२ ला तुम्ही काय केलंत? ओव्हरटाइमचा टॉस तुमचा, शेवटचा टचडाऊनचा झेल तुमच्या केल्सीचा, ४२-३६. आमच्या बफेलोच्या क्वार्टरबॅक ॲलनला चेंडू मिळाला का? आमच्या घरी सासरे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तेव्हा तुमच्यातल्या एकानेही नियम वाईट म्हटला नाही.

लाल_टोपी:
वहिनी, नियम बदला असं चीफ्सनी २०१९ मध्येच सुचवलं होतं. तेव्हा कुणी ऐकलं नाही.

बफेलोची_सून:
आणि आम्ही हरल्यावर दोन महिन्यांत बदलला, तोही तेव्हा प्लेऑफपुरता (बाद फेरीपुरता). आमचा मोसम गेला तो गेलाच.

चौथा_डाऊन:
अहो, धागा सेफ्टीचा आहे! बंड्या, एवढंच सांग: फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये (मोसमाच्या अंतिम सामन्यात) ग्रॉन्कसमोर के. जे. राइट सापडला, लाइनबॅकर (मधल्या फळीतला बचावपटू), आणि २२ यार्डांचा टचडाऊन झाला. त्याला एकट्याने अडवू शकणारे किती होते?

बॉस्टनचा_बंड्या:
फारसे नव्हते. फॉक्सबरोची ती रात्र बेरीची, मान्य. तो पडला तेव्हा आमच्या घरातही कुणी ओरडलं नाही. पण २०१९ चा झेल मी सोडणार नाही.

चौथा_डाऊन:
नको सोडूस. फक्त "कधीच" हा शब्द मागे घे.