सकाळी तुम्ही काय ऐकता? अनुभव सांगा

वडिलांचा जुना रेडिओ गेल्या महिन्यात कायमचा बंद पडला. परभणी आकाशवाणीवर जे लागेल ते ऐकायची त्यांची सवय. आता फोनवर सगळंच आहे, म्हणून रोज पहाटे विचारतात, "आज काय लावतोस?" मी भैरव राग लावतो. त्यातला कोमल रिषभ, म्हणजे खालचा रे, हळूहळू झुलायला लागला की ते डोळे मिटून घेतात. पण साडेसातला, दूधवाला येऊन गेल्यावर, तोच भैरव जड वाटतो. तुम्ही कसं निवडता? गायकीची घराणी नंतर, आधी त्या वेळी घरात काय चाललेलं असतं ते सांगा.

लातूरहून
२०१६ चा उन्हाळा, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तो. आमच्या गल्लीत टँकर कधी येईल नेम नसायचा, म्हणून पहाटे चारपासून घागरी नंबराला लावून बसायचं. त्या रांगेत मी गायक अमीर खाँसाहेबांचा ललत राग पूर्ण ऐकला. आधी दोनदा अर्ध्यात सोडला होता. लय इतकी संथ की पुढं काही घडेल असं वाटेना. रांगेत मात्र उठून जायचंच नव्हतं. ललतात पंचम (प) नाही, आणि शुद्ध-तीव्र दोन्ही मध्यम (म) लागोपाठ येतात. पाय टेकायला जागाच मिळत नाही. आमचंही तेव्हा तसंच चाललेलं. तिसऱ्या खेपेला शेजारच्या काकूंनी एक इअरफोन मागून घेतला, बोलल्या काहीच नाहीत. पुढच्या खेपेला माझ्याशेजारीच घागर लावली. आता नळाला पाणी येतं, तरी ललत मी उजाडायच्या आतच लावते. उन्हात तो मला ऐकवत नाही.

नांदेडहून
दुकान उघडण्याआधी हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात जाऊन येतो. तिथं पहाटे 'आसा दी वार' ही शिखांची सकाळची गुरबाणी कानावर पडते, आसा रागातली. मला वेगळं निवडावं लागत नाही.

बीडहून
लेकरांचे डबे करताना ख्यालाचं लांबलचक गाणं नको वाटतं, मधेच उठावं लागलं की जीव हळहळतो. बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई लावते.

छत्रपती संभाजीनगरहून
आजी भूपाळ्या म्हणायची, म्हणून मला भूप राग सकाळचाच वाटायचा. क्लासमध्ये कळलं की भूप रात्रीचा, आणि तेच पाच स्वर, सा रे ग प ध, घेऊन सकाळी देशकार येतो. भूप गंधारावर (ग) विसावतो, देशकार वरच्या अंगाला धैवतावर (ध). वाचून हे कळत नाही. महिनाभर सकाळी देशकार, रात्री भूप ऐकला, तेव्हा कुठं कानाला पटलं. नव्यानं ऐकणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं.

परभणीहून, पुन्हा मी
आज साडेसातला देशकार लावला. वडील म्हणाले, "हा भूप ना?" म्हटलं, "नाही अण्णा, देशकार." थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "रात्री भूप लाव. बघू दे मला."