मदत हवी आहे: रायफल आणि शॉटगन एकत्र असलेली बंदूक कोणती घ्यावी? (तातडीचे)

गडग्यापलीकडे (धागाकर्ता)
नमस्कार. एका नळीत रायफल आणि दुसरीत शॉटगन अशी बंदूक येते, ती घ्यायची आहे. सर्व्हायव्हलसाठी. म्हणजे चार-पाच दिवस कुणाशी संपर्क नसताना एकच हत्यार जवळ असावं आणि लहानमोठं सगळं त्यात भागावं. समोर दोन पर्याय आहेत. अमेरिकन सॅव्हेज २४, वर पॉइंट टू टू रायफल आणि खाली ४१० शॉटगन. दुसरी जुनी जर्मन ड्रिलिंग, तीन नळ्यांची. ती खिशाबाहेर आहे, पण कुणी पटवून दिलं तर काजूचे पैसे आलेत. रविवारपर्यंत कळवायचंय. व्हिडिओ बघून झालेत, ते सुचवू नका. फाटेही फोडू नका.

सड्यावरचा
कुठे? कशासाठी? परवाना कसला?

गडग्यापलीकडे
कोकणात, आणखी कुठे. परवाना आहे. प्रश्न बंदुकीचा आहे, परवान्याचा नाही.

बोटीवरचा
मी पंधरा वर्षं बोटीवर काढली. अमेरिकेतल्या एका बंदरात, दुकानात, सॅव्हेज २४ हातात घेऊन पाहिली आहे. घोडा एकच, चाप एकच. वरची नळी उडवायची की खालची ते एका छोट्या खटक्याने ठरवायचं. जुन्या बंदुकांत तो बाजूला असतो, नंतरच्यांत घोड्यावरच. थंडीत बोटं आखडली की चुकीच्या बाजूला राहतो म्हणे. तुमच्याकडे थंडी नाही, पण घामाने ओली बोटं तेच करतील.

मुख्य गोष्ट: दोनच बार. दोन्ही उडाले की मोडून पुन्हा भरायचे. आणि दोन नळ्या एकाच जागी मारतीलच असं नाही. घेण्याआधी पन्नास पावलांवर कागद लावून दोन्ही मारून बघा.

खऱ्या सर्व्हायव्हलसाठी बनवलेली म्हणजे एम-६, अमेरिकन हवाई दलाची. वर पॉइंट टू टू हॉर्नेट (त्याच मापाचं, पण जास्त जोराचं काडतूस), खाली ४१०. घडी होते, काडतुसं दस्त्यातच ठेवायची, आणि हातमोजे घालूनही ओढता यावा म्हणून चापाऐवजी लांब पट्टी. सुंदर वस्तू.

पेठेतला_कोकणी
अवांतर: रशियन अंतराळवीरांकडेही तीन नळ्यांचं पिस्तूल असायचं, टीपी-८२. १९६५ मध्ये लिओनॉव्ह आणि बेल्यायेव यांचं यान भलत्याच ठिकाणी, बर्फाच्या जंगलात उतरलं. लांडग्या-अस्वलांच्या त्या मुलखात रात्र काढावी लागली, त्यावरून पुढे हे पिस्तूल आलं. ड्रिलिंगचं म्हणाल तर दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने आफ्रिकेतल्या वैमानिकांना झाउअर कंपनीची एम-३० दिली होती. दोन नळ्या छऱ्याच्या, १२ बोअरच्या, एक ९.३ मिलिमीटर रायफलची.

सड्यावरचा
छान. राजापुरात यान उतरलं की कळवतो. धागाकर्ते, मारायचं काय आहे?

गडग्यापलीकडे
राजापूरच, बरोबर ओळखलंत. आमची कलमं आणि मांगर (बागेतलं खोपटं) डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर वर. मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा. साकव गेल्या वर्षी वाहून गेला, जुलैत चार-चार दिवस पलीकडे येता येत नाही. रेंज नाही. रात्री डुकरं येतात, सुरण आणि भात उकरतात. एकदा बिबट्या कुत्रा घेऊन गेला. आणि खायचे वांधे झाले तर एखादा ससा, रानकोंबडा. म्हणून एक नळी रायफलची, एक छऱ्याची. एवढं सोपं आहे.

तात्या_मालवणी
अरे बाबा, तुका दोन नळये कित्याक व्हये? माझ्या आज्यान ठासणीच्या बंदुकीर आयुष्य काढल्यान. डुकर इलो की एक बार हवेत, डुकर पळालो, आजो परत झोपलो. पॉइंट टू टूची गोळी डुकराक लागली तर तो मरूचो नाय, तुझ्या अंगार येतलो. जखमी डुकर म्हणजे काय ता तुका ठावक आसा?

बोटीवरचा
तात्यांशी सहमत. पॉइंट टू टू सशापुरती, आणि ४१० ही बारा बोअरची धाकटी बहीण. लोक ४१० ला बोअर म्हणतात, तो बोअर नाहीच, ते नळीचं इंचातलं माप आहे, ०.४१०. बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशाचे नळीच्या मापाचे बारा गोळे. शेजारी ठेवून बघा, फरक कळेल. हॉर्नेट असती तर...

सड्यावरचा
हॉर्नेटची काडतुसं राजापुरात कोण देणार? सामान्य माणसाला खडकीच्या कारखान्याची १२ बोअरची मिळतात, तीही परवान्यावर नोंदवून, मोजून. जे काडतूस मिळत नाही त्याची बंदूक म्हणजे काठी.
आणि पॉइंट टू टूला खेळणं समजू नका, गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. कातळावर आपटून कुठे उसळेल सांगता येत नाही. खाली वाडी असेल ना?

गडग्यापलीकडे
आहे. आमचीच.

श्रीवर्धनची_सून
बंदुकीतलं मला कळत नाही, पण संपर्क तुटणं कळतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या, वीज कितीतरी दिवस नव्हती. तेव्हा काय लागलं सांगू? करवत, कोयता, नायलॉनची दोरी, ताडपत्री, विहिरीला रहाट (पंप बंद!), तांदूळ, कुळथाचं पीठ, सुकट. कुणालाही ससा मारायची वेळ आली नाही. चार दिवसांचं पिठी-भाताचं सामान मांगरात पत्र्याच्या डब्यात ठेवा, पाचशे रुपयांत सर्व्हायव्हल होतं.
डुकरांसाठी आम्ही सौर कुंपण केलंय. झटका बसतो, मरत नाही. तारेखालचं गवत मात्र पावसात दर आठवड्याला कापावं लागतं, नाहीतर करंट त्यातच उतरतो.

गडग्यापलीकडे
ताई, धन्यवाद, पण मी कुंपण विचारलं नव्हतं.

हापूसवाला_देवगड
माकडांवर काय करता? आमच्याकडे सौर कुंपणावरून उड्या मारतात.

श्रीवर्धनची_सून
माकडांवर काही चालत नाही. फटाके आठवडाभर, मग तेही ओळखतात.

पेठेतला_कोकणी
कोणतीही घ्या, समुद्राकाठच्या हवेत गंज ही खरी अडचण. रोज खोबरेल तेलाचा हात फिरवा, आमचे आजोबा तेच करायचे.

बोटीवरचा
खोबरेल नको! काही महिन्यांनी चिकट होतं आणि खटके अडकतात. बंदुकीचं तेल, नाहीतर पातळ मशीन ऑइल. आणि कापडी म्यानात ठेवू नका, कापड ओल धरतं. उघडी, कोरड्या कपाटात, कुलूपबंद.

पेठेतला_कोकणी
आजोबांची बंदूक सत्तर वर्षं चालली.

बोटीवरचा
ती ठासणीची असेल. तिला खटके किती?

काळा_कोट
सगळं वाचलं. परवान्याचा प्रश्न टाळला गेलाय, म्हणून विचारतो: शेतसंरक्षणाचा आहे का? शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक धरली आहे. ती पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची देता येते. गुळगुळीत, म्हणजे आत आटे नसलेली. तुमच्या सॅव्हेजची वरची नळी रायफलची, म्हणजे आट्यांची आहे. ती त्या परवान्यात बसत नाही, खालची कितीही बसली तरी. ड्रिलिंगचंही तेच.
दुसरं, ससा काय, रानकोंबडा काय, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार गुन्हा आहे, भूक लागली तरी. डुकरासाठीही वन खात्याची लेखी परवानगी लागते. बिबट्या प्रत्यक्ष अंगावर आला तर जीव वाचवण्यापुरती गोष्ट वेगळी. कुत्रा नेला म्हणून त्याला मारता येत नाही.

गडग्यापलीकडे
हो, शेतसंरक्षणाचा. आजोबांची ठासणीची होती, तिचा. सध्या बाबांच्या नावावर आहे. बंदूक मागच्या निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केली, ती आणायची राहिली.

सड्यावरचा
म्हणजे परवाना तुमचा नाहीच!

गडग्यापलीकडे
घरातच आहे ना. माझ्या नावावर करायचाच होता.

काळा_कोट
घरातला रेशन कार्डावर चालतो, यावर नाही. पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, बाबांची तारीख कधी आहे ते आधी बघा. तुमच्या नावाने जिल्हाधिकारी कार्यालयात नवा अर्ज करा, पिकाच्या नुकसानीचे पंचनामे जोडा. १२ बोअर एकनळी मागा. सॅव्हेज विसरा.

तात्या_मालवणी
आणि आधी पोलीस ठाण्यातसून आज्याची बंदूक आण. ती थंय गंजान गेली असतली.

गडग्यापलीकडे
ठीक. एक शेवटचं. सॅव्हेजसाठी दहा हजार आगाऊ दिलेत, एका मध्यस्थाला. पावती नाही. परत मिळतील का?

काळा_कोट
परवाना बघितला होता त्याने?

गडग्यापलीकडे
विचारलाच नाही.

सड्यावरचा
बंदूक तरी बघितलीत का?

गडग्यापलीकडे
फोटो पाठवला होता. आता फोन लागत नाहीये. इथे रेंज नाही हेही आहे म्हणा.