छातीत बसते, मुंढ्यात काचते: रोजच्या वापराचे कपडे शिवावेत तरी कसे?

गोदाकाठची:

नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगर भागात राहते, वय ५३. गेली दोन वर्षे कपड्यांनी मला हैराण केले आहे. घरात तक्रार केली की "मग सैल घ्यायचे" एवढेच उत्तर मिळते, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

तयार कुर्ता ४० मापाचा घेतला तर छातीत नीट बसतो, परंतु फडताळातील वरचा डबा काढण्यासाठी हात उचलला की मुंढ्यात, म्हणजे बाही जोडलेली असते त्या गोलाईत, काचतो आणि दंडावर वळ उठतो. म्हणून ४२ चा घेतला, तर खांद्याची शिवण दंडावर ओघळते, गळा पुढे लोंबतो आणि हात वर केला की सगळा कुर्ताच पोटापर्यंत वर चढतो. घरात गाऊन वापरावा, तर त्याचा खिसा दाराच्या कडीत अडकून फाटतो आणि रुंद बाही कढईच्या कानात अडकते. मागच्या आठवड्यात याच कारणाने तापलेले तेल अंगावर येता येता वाचले.

ब्लाउजचे दुखणे वेगळे आहे. गेल्या दिवाळीत तीन ब्लाउज शिवून घेतले. आणले त्या दिवशी तिन्ही उत्तम बसत होते, पण चार-पाच धुण्यांनंतर त्यांतील दोघांचे हुक लागेनासे झाले. माझे वजन होते तेवढेच आहे (काटा घरात आहे, त्यामुळे त्याबद्दल शंका नसावी). तिसरा, बिनअस्तराचा सुती ब्लाउज, मात्र अजून पहिल्यासारखा बसतो. शिंपीदादांकडे गेले, तर "ताई, तब्येत जरा सुधारलेली दिसते" असे म्हणून त्यांनी विषय संपवला.

ज्या जिल्ह्यात येवल्याला पैठणी विणली जाते आणि मालेगावला यंत्रमाग खडखडत असतात, तेथे राहून दोन हात मोकळेपणाने उचलता येतील एवढा साधा कपडा मिळू नये, याचे मला नवल वाटते. माप कसे द्यावे आणि शिंप्याला नेमके काय सांगावे?

जुनी कातर:

ताई, रविवार कारंज्याजवळ मी ३१ वर्षे शिलाईचे दुकान चालवले. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून बंद केले आहे. आपल्या ब्लाउजचे उत्तर आपल्याच पत्रात आहे: अस्तराचे दोन बिघडले आणि बिनअस्तराचा टिकला. न भिजवलेले सुती कापड पहिल्या काही धुण्यांत शेकडा ३ ते ५ इतके आटू शकते. ३८ इंचांच्या छातीला ३ टक्के म्हणजे इंचाहून थोडे जास्तच झाले, आणि हुकाच्या पट्टीला तेवढे पुरते. वरचे कापड रेशमी किंवा पॉलिस्टरचे असेल तर ते फारसे आटत नाही. आत अस्तर आटते, ते वरच्या कापडाला आपल्याबरोबर ओढते, शिवणीजवळ बारीक चुण्या पडतात आणि दोष अंगावर ढकलला जातो. अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, इस्त्री करूनच शिवायला द्यावे. हे काम शिंप्याचे आहे असे आपण म्हणाल, आणि ते खरेही आहे. पण दिवाळीला दहा दिवस उरले असताना दुकानात कापडांचा ढीग पडलेला असतो, तेव्हा अस्तर भिजवायला कोणी थांबत नाही. मीही प्रत्येक वेळी थांबलो असे छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

आता मुंढा. गिऱ्हाइकाने "मुंढा काचतो" असे म्हटले की नवशिका कारागीर मुंढा आणखी खाली खोल कापतो, आणि दुखणे तेथूनच वाढते. हात वर जाताना बाहीला जास्तीचे कापड लागते आणि ते कोठून तरी यावेच लागते. मुंढा काखेच्या अगदी जवळ असेल तर बाहीपुरतीच हालचाल होते. तो चार बोटे खाली असेल तर बाही कुर्त्याची बाजूची शिवण धरून वर ओढते. आपला ४२ मापाचा कुर्ता पोटावर चढतो तो यामुळे. ४० मापाच्या कुर्त्यात मात्र मुंढ्याचा फारसा दोष नसावा, तेथे बाहीचा दंडघेर कमी पडत आहे. तयार कपड्यांत छाती वाढते तसा दंड वाढत जाईलच असे धरून कापतात, पण पन्नाशीनंतरचा दंड त्या कोष्टकाप्रमाणे वागत नाही.

म्हणून शिंप्याला एवढेच सांगावे की मुंढा काखेपासून दोन बोटांहून खाली नको, दंडघेर कोपर वाकवून मोजा आणि त्यात २ इंच सैल ठेवा. तरीही ओढ वाटली तर काखेत शंकरपाळ्याच्या आकाराचा एक तुकडा घालून घ्यावा. जुन्या घाटाच्या कुर्त्यांना हा तुकडा असेच. हल्ली कापड आणि वेळ वाचवण्यासाठी तो गाळतात. शिवाय दोन्ही बाजूंना प्रत्येकी १ इंच माया (पुढे उसवून सैल करता येईल असे शिवणीच्या आतले जास्तीचे कापड) सोडायला सांगावी, आणि ती अस्तरालाही सोडली आहे ना, हे कपडा ताब्यात घेताना उलटा करून पाहावे. वर माया आणि अस्तराला काहीच नाही, असे ब्लाउज मी पुष्कळ पाहिले आहेत.

माप देताना बहुतेक भगिनी पोट आत ओढून ताठ उभ्या राहतात. तसे उभे राहून आपण स्वयंपाक करत नाही.

अंबडची नोकरदार:

काकांचे म्हणणे पटले, पण शिलाईचे दर आणि वायद्यांच्या तारखा पाहता रोजचे सगळे कपडे शिवून घेणे मला तरी शक्य नाही. तयार कपडे घ्यायचेच असतील तर चिठ्ठीवरील आकड्यावर विसंबू नये. एकाच आकड्याचे दोन कुर्ते शेजारी ठेवले तर त्यांत दोन-दोन इंचांचा फरक मी स्वतः मोजला आहे, कारण काही जण तो आकडा अंगाच्या मापाचा म्हणून छापतात आणि काही जण कपड्याच्या मापाचा. भारतीय शरीरांसाठी स्वतंत्र कोष्टक असावे म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे 'निफ्ट'ने, 'इंडियासाइझ' हा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांतील २५,००० लोकांची त्रिमितीय यंत्राने मापे घ्यायची, असे त्याचे स्वरूप होते. तसे कोष्टक दुकानांत रुळेपर्यंत आपली फीत बरी.

मी पर्समध्ये फीत ठेवते. दुकानात कुर्ता सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजते आणि त्याची दुप्पट करते. विणलेल्या, न ताणणाऱ्या सुती कापडात अंगाच्या मापापेक्षा ३ ते ४ इंच जास्त मिळाले तरच घेते. होजिअरीच्या कापडात त्याहून कमी चालते. मेन रोडवर एका दुकानदाराने मला "मॅडम, तुम्ही शिंपी आहात का?" असे विचारले होते. घालून पाहण्याच्या खोलीत आरशासमोर नुसते उभे राहू नये, दोन्ही हात वर करावेत आणि खाली वाकून पाहावे.

खांदा बरोबर बसतो तेच माप घ्यावे, कारण खांदा दुरुस्त करणे सर्वांत अवघड असते. बाकीचे उसवून वाढवता येते.

जुनी कातर:

खांद्याचे बरोबर आहे, पण उसवून वाढवण्याचे नाही. तयार कुर्त्यात बाजूला जेमतेम पाव-अर्धा इंच शिवण असते आणि तीही बहुधा ओव्हरलॉक मारून, म्हणजे कडेला गुंफणीची शिलाई घालून, कापलेली. तेथे उसवायला काही उरत नाही. त्यापेक्षा लांब कुर्ता घ्यावा, खालून उंची २-३ इंच कमी करावी आणि निघालेल्या पट्टीतून काखेचे तुकडे काढावेत. रंग तंतोतंत जुळतो, कारण कापड तेच असते.

पंचवटीकर:

माझी आई ७६ वर्षांची आहे आणि तिचा उजवा खांदा आखडला आहे, त्यामुळे डोक्यावरून घालायचा कोणताही कपडा तिला नकोसा होतो. पुढून पूर्ण उघडणारे, मोठ्या बटणांचे गाऊन शिवून घेतल्यापासून सकाळची रडारड थांबली. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी एक साधी गोष्ट सांगितली, ती कोणाच्या तरी उपयोगी पडेल: घालताना दुखरा हात आधी घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा.

गोदाकाठच्या ताईंच्या गाऊनच्या खिशाबद्दल सांगायचे तर, वरून लावलेल्या खिशाचे तोंड उघडे राहते आणि कडी थेट त्यात शिरते. बाजूच्या शिवणीत आतून खिसा करून घेतला तर हा प्रश्न बहुतांशी मिटतो. बाहीच्या टोकाला सैलसर इलॅस्टिक घातले तर कढईचाही.

येथे परकराच्या नाडीचा उल्लेख कोणी केला नाही, तो करतो. आईच्या कमरेवर नाडीचा काळा वण कित्येक वर्षांपासून आहे आणि त्याला घरात कोणी कधी महत्त्व दिले नव्हते. २०२४ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी दोन ज्येष्ठ महिलांची उदाहरणे नोंदवली. कमरेवर एकाच जागी वर्षानुवर्षे बसलेल्या काचाची जखम चिघळत राहून तेथे कर्करोग झाला होता. असे क्वचितच घडते आणि घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु त्यानंतर आम्ही नाडी काढून नेफ्यात दोन इंच रुंद पट्टा घातला, आणि गाठीची जागा ती रोज बदलते. बरी न होणारी जखम असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावी.

एक शेवटचे. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी येते. त्यात साबणाला फेस येत नाही आणि साबणाचा साका कापडात बसून सुती कपडा पापडासारखा कडक होतो. शेवटचे खळबळणे तरी महापालिकेच्या पाण्यात केल्यापासून तिचे अंग खाजणे कमी झाले आहे.

गोदाकाठची:

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी दोन्ही ब्लाउज उलटे करून पाहिले. काकांनी सांगितल्याप्रमाणे शिवणीजवळ चुण्या आहेत आणि आतील अस्तर ताणलेल्या डफासारखे झाले आहे. एकात माया पाव इंचही नाही, त्यामुळे तो बहिणीच्या मुलीला देण्यावाचून गत्यंतर नाही. दुसऱ्यात दोन्ही बाजूंना मिळून दीड इंच निघाली. तो उसवायला घेतला आहे आणि अस्तर बदलायचे की नुसते सैल करायचे, हे काकांनी कृपया सांगावे. ४० मापाच्या कुर्त्याची उंची कमी करून काखेचे तुकडे घालायला दिले आहेत. शिंपीदादांनी आधी नाके मुरडली, मग "असे आमचे वडील करायचे" असे म्हणून ठेवून घेतला.

शिवणीतला खिसा पुढच्या गाऊनला करून घेईन. आत्ताच्या गाऊनचा खिसा आज सकाळी पुन्हा कडीत अडकला, तेव्हा तो कात्रीने मुळापासून कापून टाकला आणि आता चष्मा कोठे ठेवावा हे शोधत आहे.