पासआउट झालो, म्हणजे नेमकं काय झालो?

मंडळी, परवा व्हिडिओ कॉलवर मुलाखत दिली. समोर इंग्लंडातली बाई. मी नेहमीच्या चालीवर सांगून टाकलं, 'आय पास्ड आउट इन २०१६.' ती क्षणभर गप्प. मग काळजीच्या सुरात, 'अरेरे! पण आता बरं आहे ना?' मला वाटलं, गॅपबद्दल विचारतेय. म्हटलं, हो, सहा महिने घरीच होतो, मग हळूहळू रुळलो. तिचा चेहरा आणखीच पडला.

रात्री बायकोने उलगडा केला. पास आउट होणं म्हणजे तिकडे शुद्ध हरपणं. कॉलेज संपवलं हे सांगायला 'ग्रॅज्युएट' आहे. आपल्याकडे मात्र 'केटी राहिली' (विषय अडकला), 'वायडी लागला' (वर्ष वाया गेलं) आणि 'पासआउट झालो' हे एकाच बिऱ्हाडातले शब्द. नोकरीच्या जाहिरातीतसुद्धा '२०२३ पासआउट हवेत' असं बिनधास्त छापतात. तर पास आउटने किंवा अशाच एखाद्या शेपूटवाल्या क्रियापदाने तुमची फजिती केली असेल तर येऊ द्या. नियम नकोत, घडलेलं सांगा.

नर्स, बर्मिंगहॅम

माझ्याकडे 'पास'चं अख्खं खानदान आहे. वॉर्डातला पहिलाच आठवडा. सकाळी रात्रपाळीची सिस्टर भराभर हँडओव्हर देत होती. चार नंबरचे आजोबा बाथरूममध्ये 'पास्ड आउट', म्हणजे भोवळ येऊन पडले. सहा नंबरच्या आजींनी रात्रीपासून 'वॉटर पास' केलेलं नाही, म्हणजे लघवी झालेली नाही. आणि नऊ नंबरचे पहाटे 'पास्ड अवे'. कधी कधी शेपूट गाळून नुसतंच 'पास्ड' म्हणतात, तरी माणूस गेलेलाच असतो. मी वहीत तिघांच्याही पुढे घाईत 'पास' एवढंच खरडलं.

दहाच्या सुमारास चार नंबरच्या लेकीचा फोन. मी आपली 'ही पास्ड...' म्हणाले आणि अडकले. आउट की अवे? पलीकडे श्वाससुद्धा ऐकू येईना. शेवटी ओरडलेच, 'ही इज ईटिंग टोस्ट!' आजोबा खरंच टोस्ट खात होते. त्या दिवसापासून मी फोनवर 'फेंटेड' म्हणते.

खडकवासल्याजवळ राहणारा काका

धागाकर्त्या, अगदीच खजील होऊ नकोस. ब्रिटिश लष्करात आजही कॅडेट प्रशिक्षण पुरं करून 'पास आउट' होतात. एनडीएची पासिंग आउट परेड हे तिथलंच देणं. तो शब्द आपण परेड ग्राउंडवरून उचलून इंजिनिअरिंग कॉलेजच्या गेटवर नेऊन ठेवला असावा, असा माझा तर्क.

३० मे २०२५ ला एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणी. मी सकाळपासून टीव्हीसमोर, ऊर भरून आलेला. न्यू जर्सीत वाढलेला भाचा सुट्टीला आला होता. तो डोळे चोळत आला, खालची इंग्रजी पट्टी वाचली आणि दचकून म्हणाला, 'मामा, सतराच्या सतरा? ऊन फार होतं का?'

जिममध्ये नवा

ट्रेनर म्हणाला, 'भाई, पास आउट मत होना.' मी म्हटलं, सर, फी तर तीनच महिन्यांची भरलीय.

जिल्हा परिषद शाळेतली बाई

मी पाचवीत एबीसीडी गिरवलेली. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर मी डीएड करून बसले होते. आम्हाला ही क्रियापदं पाढ्यासारखी पाठ. गिव्ह अप सोडून देणे, गिव्ह इन नमते घेणे. वाक्यात कुठे बसतात, ते कोणी सांगितलंच नाही.

यंदा मी उलटं केलं. परिपाठाला उन्हात सहावीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. पाणी मारलं, सावलीत बसवलं, ती हसायला लागली. मग वर्गात जाऊन फळ्यावर लिहिलं, 'शी पास्ड आउट.' अख्ख्या वर्गाला एका वाक्यात कळलं. दुपारी खिचडीच्या वेळी ताटं वाटायची होती. वाटणे हाही पास आउटचाच अर्थ. मुलांनी 'पास आउट द प्लेट्स' बरोबर म्हटलं. पण प्लेट्सच्या जागी 'देम' आलं की ते मधे घुसतं, 'पास देम आउट'; 'पास आउट देम' चालत नाही. का, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, सर्वनाम अंगाने बारीक, फटीत मावतं. व्याकरणाच्या पुस्तकात हे कारण सापडायचं नाही, पण कोणी विसरलं नाही.

घोळ नंतर झाला. दुसऱ्या दिवशी एकाने सांगितलं, 'बाई, आमचा दादा आयटीआयमधून पासआउट झाला.' मागच्या बाकावरून लगेच, 'मग दवाखान्यात नेलं का?'

ठाणेकर, बायको कोचीची

हसा लेको इंग्रजीला. आमच्या हिच्या बाजूने बघा. मराठी शिकायला घेतलं आणि आठवडाभरात 'बसणे'पाशी गाडी रुतली. 'काय करून बसलास?' यात बसलं कोण? 'सांगून टाकलं' यात टाकलं काय, आणि कुठे? मी समजवायला गेलो. करून टाकलं म्हणजे एकदाचं उरकलं, करून बसलो म्हणजे निस्तरावं लागणार. ती म्हणाली, म्हणजे तुमच्याही क्रियापदांना शेपट्या आहेत की, फक्त तुम्हाला त्या दिसत नाहीत. (बरोबर आहे. वर नर्सताई आणि काका दोघांनी 'माणूस गेला' आणि 'नेऊन ठेवला' असं सहज लिहिलंय, कोणाला खटकलं?)

गेल्या रविवारी आम्ही दोघं बाजारात होतो. परतलो तर वॉचमन म्हणाला, 'वहिनी, गॅसवाला येऊन गेला.' ही आनंदाने दार उघडं टाकून, रिकामा सिलिंडर पुढ्यात ओढून बसली. 'येऊन' ऐकल्यावर पुढचं तिने मनावरच घेतलं नव्हतं. अर्ध्या तासाने खाली जाऊन तिने विचारलं, 'भाऊ, एकच सांगा. आला की गेला?'

वॉचमन विचार करून म्हणाला, 'वहिनी, दोन्ही.'